खापराला लावलेलं सोनं

नाशिकच्या त्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाई फार गोड आवाजात बोलत. फुटलेलं भांडं सोन्याने जोडायची ही जपानी रीत म्हणजे क्षमेची कला आहे, असं त्या म्हणाल्या. तडा लपवायचा नाही, त्याला जवळ करायचं, तो मिरवायचा. आम्ही सगळ्या जणी माना डोलावत होतो. माझ्या शेजारची तर चक्क डोळे पुसत होती. मीही मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई, तुम्हाला क्षमेसाठी लागत असेल सोनं. मला ते माझ्या वहिनीसाठी हवं आहे.

तडा लपत नाही, उलट लांबून चमकतो, एवढंच मी त्या दोन दिवसांत नीट ऐकलं. फोडणाऱ्याच्या डोळ्यात तो जन्मभर खुपत राहावा, यासाठी याहून चांगली सोय मला तरी माहीत नव्हती.

डूख धरणं हा माझा जुना गुण आहे. चौथीत माझी रंगपेटी लपवणाऱ्या मुलीला मी बारावीच्या निरोप समारंभात गाठून जाब विचारला होता. तिला रंगपेटीच आठवत नव्हती, म्हणून मला आणखी राग आला. पुढे मी शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले, लग्न होऊन जळगावची धुळ्याला आले. देवपुरात आमचं घर आहे आणि घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझी छोटी भट्टी. तिच्यात मी वाट्या, थाळ्या, सुगडं भाजते. एकही सरळ होत नाही. कुठे काठ कलतो, कुठे रंग ओघळून बुडाशी साचतो. दुकानातल्या साच्यातल्या बशीपेक्षा मला ती कललेली वाटी हातात धरायला बरी वाटते. तिला धरलं की बोटं कुठे ठेवायची ते तीच सांगते.

हे मला शिकवलं ते आईच्या खापराने.

खापर म्हणजे मोठ्या मडक्याचा पसरट, गोल पाठीचा अर्धा भाग. तो चुलीवर उपडा घालायचा, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करायचा आणि वर मांडे भाजायचे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघर ते होतात. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर घ्यायची आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत झेलत वाढवायची. मनगटापासून कोपरापर्यंत ती पसरत जाते, पदराएवढी पातळ होते, मग दोन्ही हात तापलेल्या खापरावर नेऊन ती अलगद उतरवायची. हे येणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आमच्या सगळ्या भाऊबंदात आईसारखा मांडा कोणाचा उतरत नसे. आमरसाच्या वाटीशेजारी तिचा मांडा आला की जेवणारे आधी तो उचलून उजेडाकडे धरत, त्यातून पलीकडचा माणूस दिसतो का ते बघायला.

तिचं खापर तिच्या माहेरचं, चोपड्याजवळच्या गावच्या कुंभारणीने आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीने ठोकून घडवलेलं. ते वाकडं होतं. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, आणि आतल्या बाजूला त्या बाईच्या अंगठ्याचा ठसा राहून गेलेला. जाड अंगाखाली जाळ जास्त आणि पातळ अंगाखाली कमी, हे आईला इतकं अंगवळणी पडलं होतं की ती न बघता पऱ्हाटी सरकवायची. दुसऱ्या कोणाला त्या खापरावर एकही मांडा धड भाजता आला नसता. लहानपणी मी त्या ठशात माझा अंगठा घालून बघायची. तो बरोबर बसायचा आणि मला वाटायचं, हे माझ्याच मापाचं आहे.

आईची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती कायम मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. मांडे करतानाच काय त्या बाह्या वर सारायची, आणि तेव्हा हात कोपरापर्यंत कणकेने माखलेले असत. जळगावचा मे महिना, अंगाची लाही होते, माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत, आणि ही त्या उन्हात लांब बाह्या घालून. मी तिच्यावर चिडायचे. मी नोकरीला लागले तेव्हा तिला आखूड बाह्यांची चार पोलकी शिवून नेली होती. ती तिने घडी घालून ट्रंकेत ठेवली, आणि पुढच्या दिवाळीला त्यांना हात न लावलेलं बघून मी तिला गावंढळ म्हटलं. ती हसली.

आता खापर फुटलं त्या दिवसाचं सांगते.

सहा वर्षांपूर्वीची आखाजी. देवपूरचं आमचं घर नुकतंच बांधून झालं होतं आणि दोन दिवसांवर वास्तुशांत होती. सासरचे, शेजारचे, शाळेतल्या सगळ्या बाया, अशा साऱ्यांना मी महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं, जेवायला माझ्या आईच्या हातचे खापरावरचे मांडे आहेत. तसं हे नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून दर वर्षी दोनतीनदा मी आईला धुळ्याला बोलवत असे. सासूबाईंच्या माहेरचे आले, बोलाव आईला. दिरांची सोयरीक जमली, बोलाव आईला. खापर गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन ती यायची. माझ्या सासरी मला जो काही मान मिळाला, तो आईच्या त्या पातळ मांड्यांतून मिळाला, हे मी कोणापुढेही कबूल करेन. त्या आखाजीलाही आईला आणि खापराला सोबत घेऊनच परतायचं, म्हणून मी जळगावला गेले होते.

पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. पुढच्या खोलीत पंगत बसली होती. मी आत न थांबता थेट मागच्या अंगणात गेले, कारण चूल तिथे असायची. चूल विझलेली आणि तिच्याभोवती खापराचे तुकडे. आई तुळशीच्या ओट्यावर हात मांडीत घेऊन बसलेली. वहिनी उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"आईंच्या हातून पडलं," वहिनी म्हणाली. "उतरवताना सटकलं."

मी आईकडे बघितलं. ती तुळशीकडे बघत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

तेवढ्यात मागून आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, घरातलं वरचं न्यायालय. तिने तुकडे बघितले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "आता हिचा हात राहिला नाही. यापुढे हिला चुलीशी बसवू नका."

माझ्या आईचा. जिचा मांडा उजेडाला धरून बघत, तिचा हात राहिला नाही! आणि हे ऐकताना वहिनी खाली वाकून तुकडे गोळा करत होती, जसं काही तिचा त्यात काही संबंधच नाही.

मला तिथल्या तिथे संशय आला. वहिनीला माझी वास्तुशांत डोळ्यात खुपत होती, असं मला आधीपासून वाटायचं. ती जळगावात मेहरूणच्या तीन खोल्यांत आणि मी देवपुरात दुमजली. शिवाय शेवटचा मांडा उतरला की खापर आपोआप थंड होईपर्यंत चुलीवरून कोणी हलवत नाही, ही आईची चाळीस वर्षांची रीत. ती तापलेलं खापर उतरवेल कशाला? पण आई गप्प, आणि ती गप्प म्हणून मी गप्प.

फुटलेलं भांडं घरात ठेवत नाहीत. वहिनी ते तुकडे टोपलीत भरून तलावाकडे टाकायला निघाली. मी ती टोपली तिच्या हातातून ओढून घेतली. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"फेकी दे वं बाई," ती म्हणाली. "फुटेल शे ते. कसाले लई जास?"

नेऊ नको म्हणाली, तरी मी ऐकलं नाही. ज्या गोधडीतून अख्खं खापर धुळ्याला जायचं, त्याच गोधडीत तुकडे बांधून मी परतले. वास्तुशांतीला मांड्यांऐवजी बाहेरून श्रीखंड आणलं. शाळेतल्या एकीने वाटी बाजूला सारत विचारलं, "आणि ते तुमचे मांडे?" मी काय सांगितलं ते आठवत नाही. तिची सरकवलेली वाटी आठवते.

त्यानंतर आईला कोणी मांडे करायला सांगितले नाहीत. लसूण सोलायला बसवायचे. पुढच्या आखाजीला मी मेहरूणला गेले तर ती दारातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली होती. आखाजीचा झोका माहेरवाशिणींसाठी असतो, आणि ही सत्तरीला टेकलेली बाई, पाय जमिनीपासून उचलून, गल्लीतल्या पोरींबरोबर गाणं म्हणत होती. चुलीशेजारची मानाची जागा गेली आणि हिला पोरासोरांत बसवलं, असं मला वाटलं. आत स्वयंपाकघरात वहिनी तव्यावर साध्या पुरणपोळ्या करत होती. तिच्या पाठीकडे बघत मी ठरवलं, की हिच्याकडून मी हे वदवून घेईन. एक वाक्य, माझ्या हातून फुटलं, एवढंच. सगळ्यांसमोर.

नंतरच्या हिवाळ्यात आई गेली. शेवटपर्यंत तिने त्या खापराचा विषय काढला नाही. दागिन्यांतली तिची पोत वहिनीकडे राहिली आणि माझ्या वाट्याला नाकातली फुली आली. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाक्य हवं होतं.

नाशिकहून आले आणि मी गोधडी सोडली. तुकडे धुतले, वाळवले, भट्टीशेजारच्या फळीवर मांडले आणि शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्याशी बसू लागले. कडेला कड लावून बघायची, नाही जुळली की दुसरी. जसजसे तुकडे जुळत गेले तसतसं मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. माझ्या भट्टीत भांडी फुटतात, हातून पडूनही फुटतात, त्यामुळे तडे मला परके नाहीत. हातून पडलेलं भांडं जिथे आपटतं तिथे चुरा होतो आणि त्या जागेपासून तडे चहूकडे धावतात. या खापरावर अशी जागाच नव्हती. काठापासून निघालेला एकच लांब तडा नागमोडी पाठीवर चढत गेला होता, आणि त्याला पुढे दोन फाटे.

खात्री करायला मी पांझरा नदीच्या काठी बसणाऱ्या कुंभारांकडून दोन नवी खापरं आणली. एक अंगणात उभं राहून हातातून सोडलं. दुसरं चुलीवर लाल होईपर्यंत तापवलं आणि वरून लोटाभर पाणी ओतलं. ते असं तडकलं की शेजारीण कंपाउंडवरून डोकावली. "काय करताय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अभ्यास."

दोन्हींचे तुकडे मी आईच्या खापराशेजारी मांडले. पडलेल्याचा आणि त्याचा काहीएक मेळ नव्हता. पाणी ओतलेल्याचा तडा मात्र सख्ख्या भावासारखा. तसाच काठावरून निघालेला, तसाच नागमोडी.

म्हणजे आईच्या हातून पडलं नव्हतं. तापलेल्या खापरावर कोणीतरी पाणी ओतलं होतं, आणि त्या वेळी चुलीपाशी दोघीच होत्या. मला इतका आनंद झाला की मी शेडमध्ये एकटीच मोठ्याने हसले. आनंद आईसाठी होता असं म्हणायला बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर वहिनी सापडली याचा होता.

सोन्यासाठी मी जळगावला गेले. सराफ बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे आईची फुली दिली आणि म्हटलं, बारीक कानशीने घासून हिचा चूर करून द्या. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"घडवायचं काय आहे ताई?"

"खापराला लावायचंय. फुटलेल्या."

"आयुष्य गेलं," तो म्हणाला, "सोन्याला खापर समजणारे पुष्कळ बघितले. खापराला सोनं लावणाऱ्या तुम्ही पहिल्या." पण त्याने काम मन लावून केलं. कागदाच्या पुडीत चिमूटभर चूर बांधून दिला, आणि कानस व ब्रश झटकून त्यातला कणही त्याच पुडीत घातला.

तुकडे एपॉक्सीने जोडले, आणि ती ओली असतानाच तड्यावर सोन्याचा चूर बारीक कुंचल्याने बसवला. काळ्याकुट्ट, चाळीस वर्षांच्या वापराने तकतकीत झालेल्या पाठीवर ती पिवळी रेघ उमटली. ते खापर इतकं देखणं कधीच नव्हतं. वाकडेपणा तोच, जाड-पातळ अंग तेच, आतला अंगठा तोच, आणि वरून ही रेघ, जशी एखाद्याने सही करावी. फक्त एक झालं, ते चुलीला मुकलं. जाळावर ठेवलं असतं तर सांधे सुटून पडले असते. मला त्याची पर्वा नव्हती. मला ते चुलीसाठी नको होतं, साक्षीसाठी हवं होतं.

या वर्षीच्या आखाजीला ते गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन मी मेहरूणला गेले. वाटेत पारोळा येईपर्यंत काय बोलायचं ते पाठ झालं होतं.

पंगत बसल्यावर मी पुढच्या खोलीच्या मधोमध स्टूल ठेवलं, त्यावर खापर ठेवलं आणि गोधडी काढली. सगळे जेवायचे थांबले. मग एकच गलका. "काय सुंदर आहे!" "हे तेच खापर?" भाऊ मोबाइल घेऊन उठला, तीन बाजूंनी फोटो काढले. भाचीने मेसेज टाकला सुद्धा. आत्या नव्वदीची, पण उठून आली, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सोनं झालं गं हिच्या खापराचं." कोणी तडा बघतच नव्हतं. सगळे सोनं बघत होते. नाशिकच्या बाई तिथे असत्या तर धन्य झाल्या असत्या.

माझं पित्त खवळलं.

"हे पडून फुटलेलं नाही," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, आवाज चढवून. "आईच्या हातून पडलं नाही हे. पडलं असतं तर तडे असे गेले नसते. तापलेल्या खापरावर पाणी ओतलंय कोणीतरी. मी दोन खापरं फोडून बघितली आहेत. आणि नाव घेतलं आईचं."

मी वहिनीकडे बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती, सगळे आपसूक तिच्याकडे वळले. ती रसाचं पातेलं घेऊन दारात उभी होती.

"सुनबाई," आत्या म्हणाली, "तू?"

वहिनीने पातेलं खाली ठेवलं. पदराने हात पुसले, एकेक बोट. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. माझ्याच हातून झालं."

आत्याने मग तिला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. भाऊ मान खाली घालून बसला. भाची रडायला लागली. आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? छातीवरचा दगड उतरला असं म्हणतात, तसं अगदी. सहा वर्षं जे वाक्य मागत होते ते मला मिळालं होतं, सगळ्या भाऊबंदांसमोर, रसाच्या वाट्या पुढ्यात असताना. मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर वहिनी मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला हरलेल्याचं तोंड जवळून बघायची हौस असते, ती मला होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सहा वर्षं लागली तुला एवढं बोलायला?"

"मी अजून बोलले नाहीये, ताई," ती म्हणाली. हातातलं ताट घासणं तिने थांबवलं नाही. "पुढच्या खोलीत जे बोलले ते खोटं होतं."

"म्हणजे?"

"पाणी आईंनी ओतलं. मी इथंच उभी होते. शेवटचा मांडा उतरवला, ताटात ठेवला, माझ्याकडून लोटा मागितला. मला वाटलं प्यायला. उभ्या राहिल्या आणि सगळा लोटा खापरावर पालथा केला. आवाज ऐकून मी ओरडलेच. त्या शांत. म्हणाल्या," आणि वहिनी आईच्या बोलीत बोलायला लागली, तिचे शब्द जसेच्या तसे, "ती येई आते धुयाथून. तू सांगजो, हातमाईन पडनं. माले तिना तोंडवर खोटं बोलता येत नही."

मी म्हटलं, "खोटं आहे हे."

"हात बघितले होते का तुम्ही त्यांचे?" वहिनीने विचारलं.

मग तीच सांगायला लागली.

"मनगटापासून कोपरापर्यंत. एकावर एक डाग. जुने काळे पडलेले, नवे लाल. दर खेपेला तुमच्याकडून आल्या की आठ दिवस मी कोरफड लावायचे. पोलक्याची बाही सोडवताना कातडी निघायची. मी म्हणायचे, ताईंना सांगा ना, नाही जमत म्हणून. तर म्हणायच्या, तिनी हौस शे, तिले कसं नही म्हनू? त्या वर्षी तुमच्या वास्तुशांतीची शंभर पानं होती. आधीचे डाग भरले नव्हते." तिने ताट विसळलं. "पाणी ओतून झाल्यावर ओट्यावर बसल्या ना, तेव्हा हसत होत्या. तुम्ही आलात म्हणून थांबल्या. मला म्हणाल्या, चाळीस वरीस यानी माले जाळं. आते मी त्याले फोडं. फिट्टंफाट."

मी तिथेच राखेत, चुलीच्या जागी खाली बसले. वहिनी रचून सांगत असेल असं म्हणायची मला फार इच्छा होती. पण मे महिन्यातल्या त्या लांब बाह्या माझ्या डोळ्यासमोरून हलेनात, आणि ट्रंकेत घडी घालून ठेवलेली ती चार पोलकी. मग तो निंबाचा झोका आठवला. लग्नानंतर एकाही आखाजीला ती झोक्यावर बसली नव्हती, कारण प्रत्येक आखाजीला ती चुलीपुढे होती. मी जिच्याकडे कीव करत बघत उभी होते ती बाई पाय उचलून गात होती. आणि तिला बाजूला सारलं म्हणून मी डूख धरून बसले.

माझ्यात हा सूड कुठून आला, ते मला त्या अंगणात कळलं. पण तिचा माझ्यापेक्षा सरस होता. एक लोटा पाणी, आणि कोणाला इजा नाही.

"पुढच्या खोलीत जाऊन सांगून टाकते मी सगळ्यांना," मी उठत म्हणाले.

वहिनीने ओल्या हाताने माझा हात धरला. "नाही सांगायचं. त्यांनी खापर मुद्दाम फोडलं हे आत्यांना कळलं तर गेलेल्या माणसाला नावं ठेवतील. हात राहिला नाही म्हणतील ते परवडलं, असं त्या स्वतः म्हणाल्या होत्या. मी कबूल केलंय त्यांना. आता ते माझ्या नावावर आहे, राहू द्या."

"सगळे तुला बोलतील."

"बोलू देत. तुम्हीच आणलंत ना वाजतगाजत."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ती पुढचं ताट घासायला लागली.

मी निघताना आत्याने मला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला. आईचं नाव राखलंस, म्हणाली. मग खापराकडे बघून तिचे डोळे चमकले. "पुढच्या आखाजीला यावर मांडे करू. तू शिकून घे."

"नाही आत्या," मी म्हणाले. "याला सोनं लागलंय. हे आता चुलीवर चढणार नाही."

हे मी कार्यशाळेतून आल्यापासून जाणत होते. फक्त त्यात काही चांगलं आहे, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आई जे एका लोट्यात उरकून मोकळी झाली, ते मी तिचीच फुली घासून पुन्हा जोडून आणलं होतं. निदान ते पुन्हा कोणाला भाजणार नाही, एवढं त्या सोन्याने माझ्या नकळत केलं.

वहिनीला खापर ठेवून घे म्हटलं तर ती नको म्हणाली. मग गोधडीत गुंडाळून परत आणलं. आता ते देवपूरच्या घरात पुढच्या खोलीत आहे. मी आखूड बाह्या घालणं सोडलेलं नाही, माझे हात गुळगुळीत आहेत आणि ते झाकायचं मला कारण नाही. आत्या वाचत नाही, म्हणून हे इथे लिहिता आलं. वहिनी वाचते. तिने हे वाचून माझ्याशी अबोला धरला तर तो मी निमूट सोसेन.

घरी येणारे खापराजवळ थांबतातच. रेघेवरून बोट फिरवतात, सुंदर आहे म्हणतात, आणि कोणाच्या हातून पडलं, असं विचारतात. पडलं नाही, मी सांगते. माझ्या आईने फोडलं, मुद्दाम. ते हसतात, त्यांना गंमत वाटते. मग विचारतात, का? आणि तिथे मला माझं नाव घ्यावं लागतं.